समोरच्याच्या पत्त्यांची मोजदाद: कमी रकमेच्या पोकरमधील रेंज आणि इक्विटी

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. त्यामुळे हे लेखन मुख्यतः ब्रिटनसारख्या, परवानाधारक साइटवर कायदेशीरपणे खेळता येणाऱ्या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. मीही तिथेच ५ आणि १० सेंटच्या ब्लाइंडच्या (पत्ते दिसण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमांच्या) टेबलांवर टेक्सस होल्डेम शिकलो. पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन गुप्त पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर).

नवखा खेळाडू समोरच्याकडे एकच ठरावीक हात, म्हणजे दोन ठरावीक पत्ते, आहेत असे मनाशी ठरवून टाकतो आणि त्या अंदाजावर पैसे लावतो. त्याऐवजी, आतापर्यंतच्या खेळीवरून त्याच्याकडे कोणकोणते हात असू शकतात याची पूर्ण रेंज मांडावी आणि प्रत्येक हात किती प्रकारे येऊ शकतो ते मोजावे. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांचे १,३२६ हात होतात. कोणतीही जोडी (उदा. दोन सत्त्या) ६ प्रकारे येते, तर एक्का-राजा १६ प्रकारे, त्यांपैकी ४ एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम वगैरे). आपल्या हातातले आणि टेबलावर उघडलेले पत्ते वजा केले की हे आकडे झपाट्याने घटतात, आणि बहुतेक निर्णय या वजाबाकीतच दडलेले असतात.

एक हात सविस्तर पाहू. माझ्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा आहे. मी फ्लॉपआधी रेझ केले (रक्कम वाढवली) आणि एरवी फक्त कॉल करत राहणाऱ्या, म्हणजे समोरच्याइतकीच रक्कम लावणाऱ्या, एका खेळाडूने बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी पाळी येणाऱ्या जागेवरून) कॉल केला. फ्लॉपवर किलवर एक्का, चौकट सत्ती आणि बदाम दुर्री आली. मी बेट केली (पैसे लावले), त्याने कॉल केला. टर्नला इस्पिक गुलाम आला, मी पुन्हा बेट केली आणि या वेळी त्याने रेझ केले. मी कॉल केला. रिव्हरला निरुपद्रवी छक्की आली, मी चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली) आणि त्याने सुमारे ६ डॉलरच्या पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) ६ डॉलर लावले. १८ डॉलरच्या अंतिम पॉटसाठी मला ६ द्यायचे आहेत, म्हणजे कॉल निदान बरोबरीत सुटायला एक तृतीयांश इक्विटी (जिंकण्याची शक्यता) हवी.

आता मोजणी. सत्तीची जोडी ३ प्रकारे, दुर्रीची ३, एक्का-गुलाम ६, आणि एकाच रंगाचे एक्का-सत्ती व एक्का-दुर्री प्रत्येकी १: मला हरवणारे एकूण १४ हात. गुलामांची जोडी मी सोडून दिली, कारण ती असती तर त्याने फ्लॉपआधीच पुन्हा रेझ केले असते. मी हरवू शकतो असे एक्का-राणी ८ आणि एक्का-दश्शी ८. कॉल परवडायला या १६ पैकी किमान ७ हातांनी त्याने अशीच खेळी केलेली असायला हवी. प्रत्येक बेटवर आक्रमक होणारा खेळाडू सगळ्या १६ हातांनी असे खेळत असेल, तर माझी इक्विटी ५३ टक्के होते आणि कॉल उघड फायद्याचा ठरतो. पण इतका वेळ मुकाट कॉल करणारा माणूस त्यांपैकी फार तर ४ हातांनी टर्नला रेझ करेल. तेव्हा इक्विटी २२ टक्क्यांवर येते आणि कॉलमागे सरासरी २ डॉलर जातात. म्हणून मी फोल्ड केले (हात सोडून दिला), आणि त्याच्याकडे काय होते हे कधीच कळले नाही तरी तो निर्णय मला योग्यच वाटतो.

ड्रॉचे, म्हणजे अजून पुरा व्हायच्या हाताचे, गणित याहून सोपे आहे. टर्ननंतर रंग (एकाच रंगाचे पाच पत्ते) पुरा करणारे ९ पत्ते उरले असतील, तर न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ही शक्यता १९.६ टक्के होते. अर्ध्या पॉटच्या बेटला २५ टक्के लागतात, त्यामुळे रंग लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल अशी खात्री नसेल तर कॉल करू नये.

खेळ चालू असताना हे सगळे जमत नाही, आणि ते जमवण्याची घाईही करू नये. मी सत्र संपल्यावर अडलेले हात इक्विलॅबसारख्या, इक्विटी मोजून देणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये घालतो, समोरच्याच्या रेंजमध्ये एकेक हात वाढवून किंवा कमी करून पाहतो आणि निर्णय नेमका कुठे पालटतो ते टिपून ठेवतो. साइट जिंकलेल्या पॉटमधून आपला हिस्सा कापत असल्याने, नेमक्या ३३ टक्क्यांवर बसलेला कॉल मी तोट्यातलाच धरतो.