सेल्फ लागत नाही? जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा स्टार्टर खोलण्याआधी एवढे तपासा

हंगाम सरला की बागेतला छोटा ट्रॅक्टर शेडमध्ये लागतो आणि पुढचे काम निघेपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मग ऐन गवत कापायच्या दिवशी चावी फिरवावी तर सेल्फ लागत नाही. अशा वेळी एक तर नवी बॅटरी आणली जाते, नाहीतर स्टार्टर खोलून मोकळा केला जातो. दोन्हीची घाई नको. जुन्या यंत्रात दोष बहुधा या दोघांच्या मधल्या वाटेवर सापडतो: गंजलेले टर्मिनल, सैल अर्थिंग, जळलेला सोलेनॉइड (चावी फिरवली की बॅटरी स्टार्टरला जोडून देणारा विजेचा स्विच), पेडलखालचा अडलेला स्विच. ट्रॅक्टरची निकड नसतानाच अर्धा दिवस काढून ही वाट बॅटरीपासून पुढे क्रमाने तपासावी. साधा मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाने आणि तारेचा ब्रश एवढ्यावर काम भागते.

या तपासणीत इंजिन अवचित सुरू होऊ शकते, म्हणून आधी बंदोबस्त. गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे, पात्याचा किंवा पीटीओचा (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचा) क्लच बंद. स्पार्क प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनच्या उघड्या धातूला पक्के टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन नुसते फिरेल, पेटणार नाही. आणि चाकाच्या पुढे उभे राहून काहीही करू नका.

आधी कान लावा

चावी फिरवल्यावर काय ऐकू येते, त्यावर अर्धे निदान होते. काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या कॉइलला करंट मिळत नाही, किंवा कॉइलच गेली आहे. भराभर ‘कट-कट-कट’ होत असेल तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे: सोलेनॉइड ओढतो, लोड येताच व्होल्टेज पडते, तो सुटतो आणि पुन्हा ओढतो. एकच ठळक ‘टक्’ होऊन सगळे शांत झाले तर प्रकरण जरा गुंतागुंतीचे. त्याकडे पुढे येतोच. स्टार्टर घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स, म्हणजे पुढे सरकून इंजिनच्या चाकात अडकणारा स्टार्टरचा दातेरी गिअर, बघावा. चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट (करंट जोडणारे संपर्क) चिकटले आहेत. लगेच बॅटरीची ऋण वायर काढा, नाहीतर स्टार्टर जळेल.

बॅटरी: नुसता आकडा फसवतो

बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली गेली की ती उतरलीच समजा. पण प्लेटा खराब झालेली बॅटरीही रिकाम्या वेळी 12.6 दाखवते. खरी परीक्षा लोडवर. मीटरचे प्रोब थेट बॅटरीच्या खांबांवर धरा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बहुतेक बॅटरीच कामातून गेली आहे. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा आणि मध्ये मिनिटभर थांबा. छोटा स्टार्टर लवकर तापतो.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाका, खांब आणि क्लॅम्प आतून चकचकीत घासा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. वायर हाताने दाबूनही बघा. क्लॅम्पजवळ ती फुगलेली किंवा कडक लागली तर आतल्या तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते. वरून रबर शाबूत दिसते, त्यामुळे हा दोष हमखास नजरेतून सुटतो.

मीटरने वाट शोधा

या सगळ्यातली सर्वात कामाची चाचणी हीच, आणि सर्वात कमी केली जाणारीही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण खांबावर, लाल प्रोब स्टार्टरच्या बॉडीवर रंग खरवडून टेकवा आणि सेल्फ मारा. आकडा 0.3 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त आला तर तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होते आहे. चॅसीवरचा अर्थचा नट खोला, खालचा गंज आणि रंग काढा, पुन्हा कसा. बॅटरीची अर्थ वायर चॅसीऐवजी थेट इंजिनच्या बोल्टला आणली तर जुन्या यंत्रात बरेचदा फरक पडतो.

आता धन बाजू. लाल प्रोब बॅटरीच्या धन खांबावर, काळा स्टार्टरच्या जाड बोल्टवर. चावी बंद असताना 12 व्होल्ट दिसतील, घाबरू नका; सोलेनॉइड उघडा आहे एवढाच त्याचा अर्थ. सेल्फ मारताच हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. ‘टक्’ आवाज झाला तरी तो 12 वरच राहिला, तर पॉइंट जुळत नाहीत: सोलेनॉइड बदला. आकडा शून्याजवळ आला, बॅटरीवर मात्र 12.5 तशीच आणि स्टार्टर ढिम्म, तर करंट स्टार्टरपर्यंत पोहोचतो पण आत जात नाही. कार्बन (स्टार्टरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले किंवा अडकले असणार. अर्थिंग तपासलेले आहे, हे गृहीत धरून. आणि भरलेली, चांगली बॅटरी एकदम 7-8 व्होल्टवर आपटत असेल तर स्टार्टर आतून शॉर्ट आहे किंवा इंजिनच अडकले आहे. व्होल्टेजची पडझड करंट वाहत असतानाच दिसते, म्हणून सेल्फ न मारता घेतलेल्या मापाला काही किंमत नाही.

मुळीच आवाज नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. क्लिप चॅसीला लावा, टोक सोलेनॉइडच्या बारीक वायरच्या टर्मिनलवर, आणि चावी स्टार्टला फिरवा. लॅम्प लागला नाही तर मागे मागे जात फ्यूज, इग्निशन स्विच, क्लच-ब्रेक पेडलचा स्विच, पीटीओचा स्विच आणि काही मॉडेलांत सीटखालचा स्विच तपासा. सॉकेटमधल्या पिना घासल्यानेच निम्मे स्विच जागे होतात. ते कायमचे शॉर्ट करून टाकायची सवय वाईट. पाते फिरत असताना माणूस वाचतो तो त्यांच्यामुळेच.

लॅम्प लागतो, तरी सोलेनॉइड गप्प? मग त्याचे अर्थिंग बघा. तीन टर्मिनलच्या सोलेनॉइडची कॉइल बहुधा स्वतःच्या पत्र्यातून अर्थ घेते आणि तो पत्रा गंजलेल्या मडगार्डवर बसवलेला असतो. दोन बोल्ट काढून खाली घासले की काम होते. चार टर्मिनलच्या सोलेनॉइडमध्ये अर्थसाठी वेगळी बारीक वायर असते, ती तपासा. दोन जाड टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ मारण्याचा उद्योग करू नका: सगळे सेफ्टी स्विच वगळले जातात, ठिणग्या उडतात आणि चार्जिंगनंतर बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असतो.

इंजिन अडले असेल तर

स्टार्टरला दोष देण्याआधी प्लग काढून फ्लायव्हील (इंजिनचे जड चाक) हाताने फिरवून बघा. पेट्रोल इंजिन बरेच दिवस उभे राहिले आणि कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल रोखणारी सुई) गळत असली की पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते. द्रव दाबला जात नाही आणि स्टार्टर ‘टक्’ करून थांबतो. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ झाले असेल, पातळी वाढलेली असेल, तर हेच. प्लगचे भोक मोकळे असताना सेल्फ मारला तर पेट्रोलची चिळकांडी उडते, म्हणून वायरचे टोक भोकापासून लांब अर्थ केलेले हवे आणि जवळपास आग नको. नीडल बदला, ऑइलही बदला.

प्लग काढल्यावर सेल्फ जोरात फिरतो आणि प्लग लावला की दाबाच्या फेरीत अडतो, असे होत असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली ठरावीक फट) तपासून घ्या. छोट्या इंजिनात सुरुवातीचा दाब कमी करणारी सोय असते, क्लिअरन्स वाढला की ती काम करत नाही. बिचारा स्टार्टर उगाच बदलला जातो.

शेवटी स्टार्टर

खोलायचाच झाला तर आधी ऋण वायर काढा आणि बॉडी-झाकणावर खूण करा. कायमचुंबक असलेल्या बॉडीवर हातोडी मारू नका, चुंबक तडकतात. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने घासा, खाचांतली काळी भुकटी काढा, कार्बन आपल्या घरात मोकळे सरकतात का बघा. बेंडिक्स स्वच्छ करून कोरडाच ठेवा. ग्रीसला धूळ चिकटते आणि दातेरी गिअर पुढे येत नाही. त्याचा गिअर प्लॅस्टिकचा असेल तर दाते नीट बघा, आणि फ्लायव्हीलच्या रिंगचेही.

बॅटरी जोडताना आधी धन, नंतर ऋण, आणि वरून व्हॅसलीनचा हात. ट्रॅक्टर पुन्हा उभा राहणार असेल तर ऋण वायर काढून ठेवा, महिन्यातून एकदा मीटर लावा, 12.4 च्या खाली दिसली की चार्जिंगला लावा.