निओप्रीनचे सोल्युशन वापरताना या चुका टाळा

सनमायका किंवा चपलेचा तळ चिकटवायला जे पिवळसर, उग्र वासाचे सोल्युशन वापरतात, त्यातले रबर बहुधा निओप्रीन असते. १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे कृत्रिम रबर तेल, ऊन आणि हवा नैसर्गिक रबरापेक्षा चांगली सोसते. मात्र घाई त्याला मुळीच सोसत नाही.

पांढऱ्या फेविकॉलची सवय झालेला नवशिका हात सोल्युशन लावताच सनमायका दाबून मोकळा होतो. फेविकॉलमधले पाणी लाकूड शोषून घेते, पण सनमायकातून विद्रावकाला, म्हणजे रबर ज्यात विरघळवलेले असते त्या उडून जाणाऱ्या द्रवाला, बाहेर पडायला वाट नसते. म्हणून सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यावे लागते. मग कोरडे थर एकमेकांत मिसळतात आणि रबराच्या साखळ्या शिस्तीत जुळून पकड घट्ट होते. चिपळूणला भर जुलैत एका स्वयंपाकघराची चौदा शटर आम्ही एका दिवसात उरकली, कारण घरात कार्य होते. आठव्या दिवशी नऊ शटरांवर फुगे आले. एकाचा कोपरा पात्याने उचलला, तर आत सोल्युशनच्या ओल्या तारा निघाल्या आणि काठाला पांढुरकी साय दिसली. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते, त्याची ती साय होती. सगळी शटर खरवडून पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून मी बोटाची मागची बाजू थरावर टेकवून पाहतो. तार आली तर थांबतो, मग मालक कितीही घाई करोत. साय दिसली, तर थर सुकू देऊन वर दुसरा हात मारतो. पंख्याखाली वाळवण्याची युक्ती मला पटत नाही, कारण वरची कातडी सुकते आणि आत ओल राहते.

काम चालू असताना देवघरातली समईसुद्धा विझवावी, कारण विद्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीवरूनही पेट घेते.

मऊ पीव्हीसीच्या रेक्झिनला हे सोल्युशन लावू नये. त्यातले तेलकट द्रव्य झिरपून काही महिन्यांत पकड ढिली करते. तिथे पॉलियुरेथेनचे घ्यावे.

निओप्रीन तेलाला टिकते एवढेच ऐकून पेट्रोलच्या जोडाला त्याचे वॉशर बसवणारेही भेटतात. पेट्रोलमध्ये ते फुगते. तिथे नायट्राइल रबरच लागते.