रीफ टँकच्या पहिल्या वर्षात कंट्रोलर घ्यावा का?

नवीन रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावणारे सल्ला विचारायला येतात तेव्हा त्यांच्या यादीत कंट्रोलर हमखास असतो: प्रोबने पाणी मोजून हीटर-पंपांची सॉकेटं आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. कधीकधी तर टँकचं माप ठरायच्या आधी कंट्रोलर ठरलेला असतो. माझं सांगणं एकच: पहिलं वर्ष त्याच्याशिवाय काढा. हीटरवर मात्र वेगळा पहारा पहिल्या दिवसापासून हवा आणि चाचणीची वही तर हवीच हवी.

मी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे पीएच मीटर सकाळी कॅलिब्रेट झाल्याशिवाय एकही नमुना तपासला जात नाही. घरी मात्र माझ्या पहिल्या टँकला कंट्रोलर लावला आणि ही शिस्त दाराबाहेरच राहिली. चौथ्या महिन्यात पडद्यावर पीएच ७.७ दिसायला लागला. मी घाबरले आणि रोज संध्याकाळी बफर, म्हणजे पीएच वर नेणारं रसायन, घालत गेले. आकडा फारसा हलेना, म्हणून आणखी घातला. नवव्या दिवशी हॅमर कोरल आखडून सांगाड्याला चिकटलं होतं आणि मॉन्टिपोरा या दगडी कोरलची कड पांढरी पडली होती. तेव्हा कुठे अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात) तपासली, तर ८.५ वरून १२.४ डीकेएच झालेली. मग प्रोब बाहेर काढून प्रमाणित द्रावणांत बुडवला. ७ च्या द्रावणात तो ६.८ दाखवत होता आणि १० च्या द्रावणात ९.५. म्हणजे त्या घडीला पडद्यावर असलेला ७.८ प्रत्यक्षात ८.१ होता. पाणी पहिल्यापासून ठीक होतं. बिघडवलं ते मी, एका आकड्यावर विसंबून.

पीएच दिवसा चढतो, रात्री उतरतो. उजेडात शैवाल आणि कोरलमधलं सहजीवी शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतं, अंधारात सगळेच तो सोडतात, आणि पाण्यात तो वाढला की पीएच उतरतो. खोली बंद असेल, माणसं जास्त असतील तर पीएच आणखी खाली जातो. ७.८ ते ८.४ या पट्ट्यात हेलकावे खाणाऱ्या पीएचला नवख्या माणसाने हात लावायची गरज नाही. पण आकडा डोळ्यांसमोर सतत चमकत असला की हात शिवशिवतात.

आता कंट्रोलरला काय कळतं ते बघा. तापमान उत्तम कळतं. पीएच कळतो, पण प्रोब महिन्याकाठी तपासला तर, आणि साधारण वर्षा-दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. सॅलिनिटी (खारटपणा, किलोमागे किती ग्रॅम मीठ) वाहकतेच्या प्रोबवर कळते, पण त्यावर हवेचा बुडबुडा किंवा चिकटा बसला की आकडा खोटा. अल्कलिनिटीसाठी वेगळं चाचणीयंत्र जोडावं लागतं, त्याला रसायनं भरत राहावी लागतात. आणि पहिल्या काही महिन्यांत नवख्यांचा टँक ज्यावर अडतो ते अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट? ते नेहमीच्या प्रोबच्या संचाला मोजताच येत नाहीत. पहिले चार ते सहा आठवडे तर जिवाणू बसण्यात जातात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्या काळात कंट्रोलरला कामच नसतं.

मग पैसे आणि लक्ष कुठे घालायचं?

सर्वांत आधी हीटर. हीटरच्या थर्मोस्टॅटमधले संपर्कबिंदू झिजून एकमेकांना चिकटतात आणि हीटर बंदच होत नाही. रीफ टँकमधला हा फार जुना घात आहे. थोडा हिशेब करू. १०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४२० किलोज्यूल लागतात. ३०० वॉटचा हीटर तासाला १०८० किलोज्यूल देतो. बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर तासाला अडीच अंश! रात्री अकराला अडकला तर सकाळी उठेपर्यंत सगळं संपलेलं असेल. त्याजागी ५० वॉटचे दोन घेतले आणि त्यातला एक अडकला, तर वाढ तासाला अर्ध्या अंशाहूनही कमी, आणि त्यातलीही बरीचशी काचेतून व पाण्याच्या पृष्ठभागावरून निघून जाते. म्हणून एका मोठ्याऐवजी दोन लहान. खोली फार थंड असेल तर वॉट वाढवा, पण विभागणी सोडू नका.

त्यावर बाहेरून एक साधा तापमान-नियंत्रक लावा. एक प्रोब, एक सॉकेट, बाकी काही नाही. तो २५.५ वर ठेवा, अर्ध्या अंशाचा फरक द्या, आणि हीटरची स्वतःची चकती २६.५ वर फिरवा. रोजचं चालू-बंद बाहेरचा नियंत्रक करेल, तो अडकला तर हीटरचा थर्मोस्टॅट आडवा येईल. दोन्ही एकाच आकड्यावर ठेवले तर कोण काम करतंय आणि कोण मेलंय ते कळत नाही. प्रोब वाहत्या पाण्यात, आणि टाय लावून पक्का बांधा. तो निसटून बाहेर लोंबकळला तर खोलीची हवा मोजत बसेल आणि हीटर नुसत्या स्वतःच्या थर्मोस्टॅटच्या भरवशावर तापत राहील. हीटर संपच्या (टँकला जोडलेल्या, खालच्या कप्पेवाल्या टाकीच्या) अशा कप्प्यात ठेवा जिथली पातळी बाष्पीभवनाने खाली जात नाही. पाणी परत टँकमध्ये नेणाऱ्या रिटर्न पंपाचा कप्पा त्यासाठी वाईट, कारण पाणी सगळ्यांत आधी तिथलंच उतरतं.

महिन्यातून एकदा हा प्रोब कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा. हीटरचा दिवा विझला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, उडून जाणारं पाणी. मीठ उडत नाही, पाणी उडतं, त्यामुळे रोज गोडं पाणी भरावं लागतं, तेही आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेलं. पहिले दोन आठवडे हे हाताने करा. संपच्या काचेवर चिकटपट्टीने पातळीची रेघ मारा, मापी जगाने पाणी ओता आणि किती लागलं ते लिहा. माझ्या टँकमध्ये संप धरून १५० लिटर पाणी आहे आणि त्यातलं रोज सुमारे २ लिटर उडतं. चार दिवस भरलं नाही तर ३५ ची सॅलिनिटी ३७ पर्यंत चढते. हा आकडा हाताशी आला की ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे हे गोडं पाणी टाकीतून आपोआप भरणारा संच, घ्या. सोयीसाठी घ्यायची पहिली वस्तू हीच, आणि तिला कंट्रोलर लागत नाही.

तिची टाकी मात्र लहान ठेवा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या फ्लोट स्विचवर (पाण्याची पातळी ओळखणाऱ्या तरंगत्या बटणावर) मिठाचा पापुद्रा चढला, तो खालीच अडकला आणि पंप थांबलाच नाही. मी घरी आले तेव्हा टाकी कोरडी होती आणि संप काठोकाठ. पण टाकी ८ लिटरचीच होती, त्यामुळे सॅलिनिटी ३५ वरून ३३ च्या आसपास उतरली, इतकंच. मासे-कोरल सगळे वाचले. हीच टाकी ४० लिटरची असती तर आकडा २८ वर आला असता, किंवा जमीन भिजली असती. तेव्हापासून दर रविवारी जुन्या टूथब्रशने तो फ्लोट घासते. गोगलगायीसुद्धा तिथे जाऊन बसतात, म्हणून स्विचभोवती जाळी हवी. वर दुसरा, आणीबाणीचा सेन्सर असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. नळीचं तोंड पाण्याच्या वर राहू द्या आणि टाकी संपच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. नाहीतर पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येत राहतं.

दिव्यांना टायमर पुरतो. टँकमध्ये पाणी घुसळणाऱ्या वेव्हपंपाला त्याचा स्वतःचा कंट्रोलर असतोच. सॉकेटपाशी येणारी प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, आणि सगळ्यांच्या मागे गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असू द्या. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंपही घ्या. अंधारात, थांबलेल्या पाण्यात ऑक्सिजन लवकर संपतो. अशा वेळी कंट्रोलर मोबाइलवर संदेश पाठवेल हा भरवसा धरू नका. तो आणि राउटर यूपीएसवर नसतील तर तेही बंदच पडलेले असतात.

आता वही. तिच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, अल्कलिनिटी. आठवड्यातून एकदा सॅलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पंधरा दिवसांनी. सॅलिनिटी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावर लावून घ्या, नुसत्या शुद्ध पाण्यावर नको. अल्कलिनिटीच्या चाचणीत थेंब टाकताना बाटली उभी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. प्रत्येक थेंबानंतर हलवा आणि मागे पांढरा कागद धरा. रंग एका थेंबात पूर्ण पालटत नाही, आधी क्षणभर मळकट होतो. त्यानंतर रंग पूर्ण पालटवून टिकवणारा थेंब शेवटचा धरा, दरवेळी तोच.

अल्कलिनिटी ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या आसपास ठेवा. पण आकड्यापेक्षा तो किती वेगाने उतरतो ते बघा. समजा काहीही न घालता चार दिवसांत ८.६ चं ७.८ झालं. म्हणजे रोज ०.२ डीकेएच. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं, तर माझ्या १५० लिटरला रोज ०.९ ग्रॅम. त्याबरोबर कॅल्शियमही उतरतं, दर १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम. हा हिशेब तीन महिने हाताने केला की ठरलेलं रसायन आपोआप सोडणाऱ्या डोसिंग पंपाला काय सांगायचं ते तुम्हाला पाठ असतं. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त फरक मात्र पडू देऊ नका.

कंट्रोलर कोणाला लवकर लागतो? वारंवार आठवडाभर बाहेर राहणाऱ्याला. अक्रोपोरासारखी नाजूक दगडी कोरल पाळून रोज डोसिंग करणाऱ्याला. अशांनी एपेक्स, प्रोफिलक्स, हायड्रोस या कंट्रोलरांपैकी जमेल तो बघावा. सोल्डरिंग येत असेल आणि रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक हाताळता येत असेल तर रीफ-पाय हा मुक्त स्रोताचा मार्गही आहे.

घेतलात तर पहिला महिना त्याला फक्त बघू द्या. प्रोब लावा, पण एकही सॉकेट त्याच्या ताब्यात देऊ नका. रोज त्याचा आकडा आणि तुमच्या थर्मामीटर, किट, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहा. जुळत राहिले तर धोक्याच्या सूचना लावा. तापमानासाठी खाली २४.५ आणि वर २७ ठेवा. २५.४ ते २५.६ असा चिमटा लावलात तर रात्री चार वेळा मोबाइल वाजेल आणि पाचव्यांदा तुम्ही तो बघणार नाही. त्यानंतर बिनधोक गोष्टी द्या: दिवे, आणि खाऊ घालताना पंप थांबवण्याची वेळ. पंप पुन्हा सुरू झाल्यावर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दहा मिनिटं उशिरा चालू करा, नाहीतर चढलेल्या पाण्यात तो ओसंडतो.

हीटर सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाही मधला साधा नियंत्रक काढू नका. कंट्रोलरच्या मेंदूशी संपर्क तुटला तर प्रत्येक सॉकेटने काय करायचं हे आधीच ठरवावं लागतं. रिटर्न पंप चालू. हीटर चालू, कारण त्याच्यावर दोन पहारे आहेत. डोसिंग आणि टॉप-ऑफ बंद. पीएचच्या आकड्यावरून आपोआप काहीही पाण्यात सोडायला सांगू नका, का ते वर आलंच आहे. सगळं लिहून झालं की सुट्टीच्या दिवशी, घरात असताना, कंट्रोलरची वायर उपटा आणि संपसमोर बसून एकेक सॉकेट तपासा. माझ्या वेळी डोसिंग पंप चालूच राहिला होता, एक ओळ लिहायची राहिली होती. ती दुरुस्त केली आणि वायर पुन्हा उपटली.