खाणीतला कार्बन कमी करून राहिले? मग या चुका टाळा भाऊ

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अन् ग्रिडच्या एका युनिटमागं ०.७ किलोच्या आसपास. धातूच्या खाणीतला बहुतेक हिशोब या दोन आकड्यांतच बसतो, तरी लोक भलतीकडंच हात घालतात.

पहिली चूक म्हणजे कोळसा खाणीचा फॉरमॅट उचलायचा. आपल्याकडं चंद्रपूर, वणी, उमरेड सगळा कोळसाच, त्यामुळं एक्सेल शीट तिकडून येते अन् त्यात मिथेनचा मोठा रकाना असतो. मँगनीज किंवा लोखंडाच्या खाणीत मिथेनचं तसं काही काम नाही. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीसारखी ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी असेल तर डिझेल पाहा, चिखला-गुमगावसारखी अंडरग्राउंड असेल तर वीज पाहा. ब्लास्टिंगचा धूर पाहूनही लोक घाबरतात, पण ॲनफो नावाच्या त्या स्फोटकात डिझेल असतं फक्त ६ टक्के, बाकी अमोनियम नायट्रेट. उलट ब्लास्ट नीट झाला, माल बारीक फुटला तर पुढं क्रशरची वीज वाचते. तिथं काटकसर करून मोठे बोल्डर काढले की पोकलेनला ब्रेकर लावून दिवसभर ठोकत बसा.

दुसरं, एकूण लिटर पाहून खुश होऊ नका. उत्पादन पडलं की डिझेल पण पडतं, त्यात काय मर्दुमकी. टनामागं लिटर काढा, अन् टन फक्त मालाचा नाही, ओबी, म्हणजे मालावरची काढून टाकायची माती-दगड धरून. मालाचा एक टन काढायला यंदा किती माती हलवली, डंपची लीड, म्हणजे ती माती टाकायच्या ढिगापर्यंतचं अंतर किती वाढलं हे लिहिलं नाही तं पिट खोल गेली म्हणून वाढलेलं डिझेल ड्रायव्हरच्या माथी बसतं.

आता हॉल रोड, म्हणजे डंपर चालतात तो खाणीतला रस्ता, इथं खरा पैसा आहे. नियमाप्रमाणं चढ १ इन १६ पेक्षा खडा नको, म्हणजे सव्वासहा टक्के. चांगल्या दाबलेल्या रस्त्यावर टायरचा विरोध वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास राहते, चिखलात तोच ८-१० वर जाते, म्हणजे चढ अन् विरोध मिळून डंपरला ८ च्या जागी १४-१६ टक्क्यांचा चढ चढल्यासारखं होते. ऑगस्टमध्ये काळ्या मातीत लोड घेऊन वर येणाऱ्या डंपरचा आवाज ऐका, पयल्या गिअरमध्ये रडत असतो बिचारा. रस्ता सपाट करणारा एक ग्रेडर नीट चालवला, बाजूची नाली साफ ठेवली, टायरची हवा दर आठवड्याला तपासली तर जे वाचते ते फुकटात वाचते. पण ग्रेडर ब्रेकडाऊन असला तर कोणाला घाई नसते, डंपर भरणारी शॉव्हेल बंद पडली तर मात्र सगळे धावतात. अन् शॉव्हेलपुढं इंजिन चालू ठेवून रांगेत उभे डंपर, एसीसाठी चालू ठेवलेल्या कॅबिन... मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत माणूस एसी बंद करणार नाही हे मान्य, पण मग रांगच कमी करा ना, शॉव्हेलमागं डंपर जास्त झालेत हे त्याचं कारण आहे.

इलेक्ट्रिक डंपर घेतला म्हणून पेढे वाटू नका. एका लिटरमधून डिझेल इंजिन जेवढं काम काढते तेवढ्यासाठी बॅटरीच्या गाडीला चार-साडेचार युनिट लागतात, ०.७ नं गुणा, तीन किलोच्या आसपास येते, म्हणजे डिझेलच्या बरोबरच. आयडलिंग वाचते तेवढाच फायदा. चार्जिंग दुपारी सोलरवर असेल तर गोष्ट वेगळी. अजून एक, सूरजागडसारखी डोंगरावरची खाण असेल अन् लोडेड गाडी खाली उतरत असेल तर ब्रेक मारताना बॅटरी भरते, तिथं ही गाडी शोभते. खोल पिटमध्ये लोडेड गाडी वर चढते, तिथं तो फायदा नाही. एकाच खाणीचा प्रस्ताव नाव बदलून दुसरीकडं पाठवू नका.

अंडरग्राउंडवाल्यांनी कॉम्प्रेसर पाहा. सुट्टीच्या दिवशी, एक पण जॅकहॅमर चालू नसताना, कॉम्प्रेसर चालू करा अन् घड्याळ लावा. ३ मिनिट लोड (हवा भरते), ७ मिनिट अनलोड (मोकळा फिरते) असं होत असेल तर ३० टक्के हवा गळून राहिली. मग साबणाचं पाणी घेऊन लाइनभर फिरा, फुगे दिसतीलच. होज फाटली तर सुतळी गुंडाळून काम भागवतात आपले लोक अन् प्रेशर कमी पडलं की कॉम्प्रेसरची सेटिंग वाढवतात. एक बार प्रेशर वाढलं की वीज ६-७ टक्के जास्त, अन् गळती पण अजून जोरात.

खाणीत हवा खेळवणाऱ्या फॅनचं गणित तं डोकं फिरवणारं आहे. स्पीड २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी होते. स्पीड कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवतात, अन् मग ५० हर्ट्झवरच, म्हणजे पूर्ण स्पीडवरच सोडून देतात बाप्पा! कमी करायच्या आधी व्हेंटिलेशन ऑफिसरला विचारा, कमीत कमी हवा किती लागते ते कायद्यानं ठरलेलं आहे, तिथं शहाणपणा चालत नाही. जुन्या बंद गॅलऱ्यांचे (बोगद्यांचे) स्टॉपिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या भिंती फुटक्या असतील तर आधी त्या बुजवा.

पावसाळ्यात युनिट वाढले की सगळे म्हणतात पाणी आहे ना. पाणी आत आलंच कसं ते पाहा. पिटच्या काठानं बाहेरचं पाणी अडवणारी नाली, गारलँड ड्रेन, मातीनं भरलेली असते, अन् संपातून (पिटच्या तळच्या पाण्याच्या खड्ड्यातून) वर टाकलेलं पाणी त्याच फुटक्या नालीतून परत पिटमध्ये! एक हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला पंपाच्या घासलेल्या इम्पेलरवर (आतल्या पात्याच्या चाकावर) अर्धा युनिट जाते. तेच पाणी दोनदा चढवायचं म्हणजे... मे संपायच्या आत नाल्या साफ करा, पंपाच्या पाइपच्या तळच्या फूट व्हॉल्वची जाळी काढून धुवा.

झाडं जरूर लावा, पण त्याला उत्सर्जन कमी केलं म्हणू नका, हिशोबाचा रकाना वेगळा आहे. ओबीच्या डंपवर जुलैत लावलेलं रोपटं पुढच्या मे पर्यंत जगवायला डिझेल टँकरनं पाणी घालावं लागते, तेही लिहा. कडुनिंब, करंज, बांबू असलं इथलं लावलं तर जरा तग धरते.

हे सगळं करून पण टनामागचं डिझेल हलत नसेल तर डिझेल इश्यू रजिस्टर अन् गाडीचं अवरमीटर शेजारी ठेवा. तीच गाडी, तोच रूट, पण रात्रपाळीतच तासाला जास्त लिटर दिसत असतील तर ते डिझेल इंजिनात जळतच नाही, गावात कॅनमध्ये जाऊन राहिलं. कागदावर मात्र तुमच्याच खाणीचं उत्सर्जन म्हणून चढते. ड्रायव्हरवर आळ घ्यायच्या आधी बाउजरच्या (डिझेल वाटणाऱ्या टँकरच्या) नोझलचं कॅलिब्रेशन अन् टाकीची डिप (पट्टी बुडवून डिझेलचं माप) एकदा स्वतः उभं राहून तपासा, कधीकधी गडबड गाडीत नसते, पंपावरच असते.