सायकलचं हँडल बदलताना या चुका टाळा

मनगट दुखतं, करंगळीला मुंग्या येतात, म्हणून हँडल बदलणारे बरेच जण मला रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर भेटतात. आधी सीट बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंगाचा भार हातांवर येतो आणि कितीही भारी हँडल आणलं तरी दुखणं तसंच राहतं.

सगळ्यात जीवघेणी चूक मापाची. स्टेममध्ये, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या भागात, हँडल आवळलं जातं तिथला व्यास जुन्या सायकलींना बहुधा २५.४ मिमी असतो, नव्यांना बहुतेक ३१.८, काही माउंटन बाइकना ३५. माझ्या भाच्याने ३१.८च्या स्टेममध्ये २५.४चं हँडल बसवलं आणि फट भरायला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून गुंडाळला. मला विचारलंही नाही, कारण रविवारची राइड चुकली असती. आरेच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक गेलं, हँडल गर्रकन पुढे फिरलं आणि तो तोंडावर आपटला. हनुवटीला सहा टाके पडले. फट भरायची योग्य मापाची धातूची पट्टी, म्हणजे शिम, दोन दिवसांत मिळाली असती! त्या दिवसापासून नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) लावल्याशिवाय मी कुणाला हँडल घेऊ देत नाही.

स्टेमचे चार बोल्ट एकेक करून पूर्ण आवळू नका. मी तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळतो आणि स्टेमच्या झाकणाची वरची-खालची फट सारखी आहे ना, ते बघत राहतो. किती आवळायचं तो आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो, बऱ्याचदा ५ न्यूटन-मीटर. त्यापुढे जोर लावला की आटे जातात. आपल्या खाऱ्या हवेत सुके बोल्ट गंजून बसतात, म्हणून आट्यांना ग्रीस लावाच.

दुसरी चूक ब्रेक-गिअरच्या वायरची. हँडल उंच केलं की जुनी वायर पुरत नाही. उभ्या सायकलवर ते कळतही नाही, पण वळताना ताण बसून ब्रेक आपोआप लागतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कुठे ओढ बसली तर वायर आणि आउटर (वायरवरचं आवरण) दोन्ही लांब घ्या.

सरळ हँडलच्या जागी ड्रॉप हँडल, म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, लावणार असाल तर ब्रेक लिव्हरही बदलावे लागतात. व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे लांब हातांचे ब्रेक) रोड सायकलचे साधे लिव्हर जोडले तर वायर कमी ओढली जाते आणि ब्रेक लुळा पडतो.

जुन्या पद्धतीचा क्विल स्टेम, म्हणजे पुढच्या काट्याच्या नळीत आत जाणारा, त्यावरच्या ‘मिनिमम इन्सर्शन’ खुणेपर्यंत तरी आत गेलाच पाहिजे; ती खूण बाहेर दिसता कामा नये.

ग्रिप चढवायला तेल कधीच नको. स्पिरिट लावा, ते उडून जातं.

सगळं झाल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून मी हँडलवर पूर्ण वजन टाकतो. मग सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारतो आणि बोल्ट पुन्हा तपासतो. त्यानंतरच सायकल गेटबाहेर काढतो.