आर्थिक गुन्ह्यांची वकिली नागपुरातून कशी सुरू करावी

सनद मिळाली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा) पास झाली की या क्षेत्रात येणारे बहुतेक जण थेट ईडीच्या केसेस शोधतात. आमचा सल्ला : आधी एमपीआयडी. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा हा कायदा 1999 चा. पतसंस्था बुडाली की शहर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा तपास करते आणि खटला सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयातल्या विशेष न्यायाधीशांपुढे चालतो. जामीन, जप्ती, ठेवीदारांचे अर्ज, तिऱ्हाइतांच्या हरकती, सगळं एकाच फाइलमध्ये शिकायला मिळतं. असं काम असलेला सीनियर शोधा.

खरं कौशल्य बँक स्टेटमेंट वाचण्यात आहे. एक्सेलमध्ये रकाने पाडा : तारीख, नावे (खात्यातून गेलेली रक्कम), जमा, यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक), समोरचं खातं, तपशील, शिल्लक आणि चार्जशीटचं पान. पीडीएफमधून आकडे उचलताना रकाने सरकतात, म्हणून प्रत्येक ओळीत मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर नवी शिल्लक येते का ते तपासा. एकाच आरोपीच्या दोन खात्यांत फिरलेली रक्कम आणि परत आलेल्या नोंदी वेगळ्या रंगात काढा. त्या तशाच बेरजेत राहिल्या तर 40 लाखांचा अपहार कागदावर 80 लाखांचा दिसतो, आणि जामिनाच्या वेळी न्यायालय आकडाच आधी बघतं.

बँकेच्या उताऱ्यासोबत बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याचं प्रमाणपत्र आहे का बघा. संगणकीय पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं : भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक). भाग ब नाही किंवा हॅशची जागा कोरी, ही नेहमीची चूक. ती लगेच लेखी नोंदवा.

मुदतींचा तक्ता फाइलच्या पहिल्याच पानावर हवा. डिफॉल्ट जामिनासाठी (चार्जशीट मुदतीत न आल्यास मिळणारा जामीन) 60 की 90 दिवस, हे शिक्षेवर ठरतं : एमपीआयडीत कमाल सहा वर्षं, पण सोबत बँकर किंवा एजंटने केलेल्या विश्वासघाताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 316(5) लागलं की 90. मोजणीत पहिल्या रिमांडचा दिवसही धरायचा. पीएमएलएत (ईडी वापरते तो मनी लाँडरिंगविरोधी कायदा) तात्पुरती जप्ती 180 दिवस टिकते, दिल्लीच्या न्यायनिर्णय प्राधिकरणाच्या नोटिशीला उत्तर द्यायला किमान 30 दिवस असतात आणि त्याच्या आदेशावर अपील 45 दिवसांत. सेबीच्या आदेशावर मुंबईच्या सॅटमध्येही (रोखे अपील न्यायाधिकरण) 45 दिवसच. पीएमएलएच्या कलम 50 च्या समन्सला जाणाऱ्या अशिलाला आधीच सांगा : तिथला जबाब सहीचा असतो, न वाचता सही नको.

सरकारी बाजूने जायचं असेल तर सेबीच्या ग्रेड ए विधी शाखेची आणि रिझर्व्ह बँकेच्या विधी अधिकाऱ्याची परीक्षा आहे. पीएमएलएत विशेष सरकारी वकील व्हायला किमान सात वर्षांची वकिली लागते.

धीर मात्र हवा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा 2002 चा, निकाल डिसेंबर 2023 चा. म्हणून प्रमाणित नकला पहिल्याच वर्षी काढा, स्कॅन करा, मूळ प्रत हातची सोडू नका.

एकाच योजनेतल्या ठेवीदाराचं आणि संचालकाचं वकीलपत्र कधीही घेऊ नका. फी खात्यावरच, पावतीसह घ्या. ती जप्त किंवा वादातल्या खात्यातून येत असेल तर नाकारा.