सिलिकॉन स्पिन क्यूबिट गंडतोय? फ्रिजला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

स्पिन क्यूबिटमध्ये माहिती इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये ठेवलेली असते. त्याचा टी-वन, म्हणजे स्पिन वरच्या अवस्थेतून खाली यायला लागणारा वेळ, अचानक धपकन पडला की आपण आधी चिप थंड ठेवणाऱ्या फ्रिजवर संशय घेतो, मग केबलवर, मग चार्ज नॉइजवर (आसपासच्या विद्युतभारांची चुळबुळ), आणि व्हॅली आठवते सगळ्यात शेवटी. तोपर्यंत दोन रात्री गेलेल्या असतात. आमच्या गेल्यात, म्हणून सांगतोय.

सिलिकॉनच्या कंडक्शन बँडला, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्याला, तळ एक नाही, सहा आहेत; या तळांनाच व्हॅली म्हणतात. सिलिकॉन-जर्मेनियमच्या सँडविचमध्ये ताणामुळे त्यातले चार वर उचलले जातात, खाली दोन उरतात, आणि त्या दोघांत ऊर्जेचा फरक किती पडणार हे इंटरफेसपाशी (दोन थर भेटतात तिथे) अणू कसे बसलेत त्यावर ठरतं. हेच व्हॅली स्प्लिटिंग. डॉट म्हणजे गेटच्या व्होल्टेजने इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेली इवलीशी जागा. ऑक्साइडखालच्या मॉस (धातू-ऑक्साइड-सिलिकॉन) डॉटमध्ये हे स्प्लिटिंग सहसा काहीशे मायक्रो-ईव्ही मिळतं, सिलिकॉन-जर्मेनियममध्ये मात्र १० पासून २००-३०० पर्यंत काहीही निघू शकतं.

म्हणून सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पेपरमधला आकडा उचलून आपल्या डॉटला चिकटवणं. जर्मेनियमचे अणू इंटरफेसजवळ कुठेही, लॉटरी लागल्यासारखे पडलेले असतात, आणि स्प्लिटिंग मुख्यतः त्यावरच हलतं हे २०२२ च्या सुमारास बऱ्यापैकी स्पष्ट झालं, त्यामुळे एकाच चिपवरचे शेजारी-शेजारी डॉटसुद्धा सख्ख्या भावांसारखे वागतील याची गॅरंटी नाही. प्रत्येक डॉट वेगळा मोजा. कंटाळा येतो, माहितीये.

आता आमच्या त्या दोन रात्री. चुंबकीय फील्ड ठेवलं होतं ०.५ टेस्ला. सिलिकॉनमध्ये जी (फील्डला स्पिन किती दाद देतो तो आकडा) साधारण २, म्हणजे १ टेस्लाला झीमन ऊर्जा (स्पिनच्या दोन अवस्थांतलं अंतर) ११६ मायक्रो-ईव्ही, अर्ध्या टेस्लाला ५८. आणि डॉटचं स्प्लिटिंग निघालं साठच्या आसपास! दोन्ही ऊर्जा जुळल्या की स्पिन आणि व्हॅली एकमेकांत मिसळतात, फोनॉन (स्फटिकाच्या कंपनाचा पुंज) सोडून स्पिन पटकन खाली येतो आणि टी-वन कित्येक पटींनी कोसळतो. याला हॉटस्पॉट म्हणतात. उपाय काय, तर फील्ड ०.१-०.२ टेस्ला सरकवा आणि परत मोजा. टी-वन सुधारला तर चोर सापडला. एकाच फील्डला मोजून ‘सॅम्पल खराब’ असं लिहून टाकू नका.

मोजतानाही लोक फसतात. मॅग्नेटोस्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे फील्ड बदलत डॉटच्या ऊर्जा मोजताना, एक-ते-दोन इलेक्ट्रॉनच्या चार्जिंग लाइनला (डॉटमध्ये दुसरा इलेक्ट्रॉन शिरतो ती रेषा) जिथे कोपरा येतो, तिथून मिळतं ते सिंगलेट-ट्रिपलेट अंतर, म्हणजे दोन स्पिन विरुद्ध जोडीत आणि समांतर असतानाच्या ऊर्जांमधला फरक. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असल्यामुळे ते खऱ्या व्हॅली स्प्लिटिंगपेक्षा कमी भरू शकतं, सरळ बरोबरीचं चिन्ह टाकू नका. आणि गेट व्होल्टेजवरून ऊर्जा काढणार असाल तर लिव्हर आर्म (गेटच्या व्होल्टेजचं ऊर्जेत रूपांतर करणारा गुणक) त्याच डॉटचा घ्या, मागच्या कूलडाउनचा नको.

फ्रिजचा थर्मामीटर २० मिलिकेल्विन दाखवतो म्हणून इलेक्ट्रॉन पण तेवढेच थंड असतात असं नाही. समजा ते १०० वर आहेत, म्हणजे ८.६ मायक्रो-ईव्ही, आणि स्प्लिटिंग २०. मग इलेक्ट्रॉन साधारण ९ टक्के वेळा वरच्या व्हॅलीत बसलेला सापडणार. दोन्ही व्हॅलींचा जी किंचित वेगळा असतो, त्यामुळे एका रेझोनन्सच्या (ज्या मायक्रोवेव्ह वारंवारतेला स्पिन उलटतो ती) जागी दोन जवळजवळच्या रेषा दिसतात आणि आपण मायक्रोवेव्ह सोर्स उघडून बसतो.

पाऊली ब्लॉकेडचं रीडआउट पण इथेच मार खातं. त्यात स्पिन ओळखतात तो असा: ट्रिपलेट जोडीतला इलेक्ट्रॉन शेजारच्या डॉटमध्ये जाऊ शकत नाही, सिंगलेटमधला जातो. वरची व्हॅली जवळ असली की ट्रिपलेटला पळवाट मिळते, ब्लॉकेडची खिडकी अरुंद होते. तेव्हा पल्सचा डिट्यूनिंग (दोन डॉटच्या ऊर्जांतला फरक) कमी करून बघा, पल्स जनरेटरला नंतर दोष द्या.

एक छोटी सवय लावा, लॉगबुकात स्प्लिटिंगचा आकडा एकटा लिहू नका, बाजूला सगळे गेट व्होल्टेज पण लिहा. डॉट काही नॅनोमीटर सरकला तरी आकडा बदलतो, मग महिन्याने ‘हे ६० कुठून आलं’ म्हणून कुणीतरी तुम्हालाच फोन करतं.